पाठीमागची भिंत

आजींची भिंत मी बंद केली. चांगली दणकट, दुहेरी. आणि वर त्यांनाच विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" काय म्हणावं या अकलेला!

आमचा धंदाच लपवाछपवीचा. लोकांना घरात सिनेमाची खोली हवी असते. आवाज असा हवा की पोटात गोळा यावा, पण स्पीकर? तो मेला दिसता कामा नये. मग आम्ही तो भिंतीत पुरतो. फळीसारखा सपाट असतो तो. भिंतीच्या अगदी बरोबरीने बसवायचा, सांध्यांवर जाळीची पट्टी, वरून पातळ प्लास्टर, त्यावर रंग. झालं. मग भिंतच बोलायला लागते. मालक तिच्यावरून हात फिरवतो, "कुठंय हो?" म्हणतो, आणि आम्ही हसतो. पूर्वी मलाही यात गंमत वाटायची. आता शिडीवर चढताना गुडघे बोंबलतात, त्यामुळे गंमतबिंमत काही वाटत नाही. काम संपवायचं, घरी जायचं, पाय वर करून पडायचं.

आम्ही म्हणजे मी आणि माझे धाकटे दीर. आमच्या ह्यांचे गुडघे माझ्याही आधी गेले, ते दुकानात बसून फोन घेतात आणि आम्हाला अक्कल शिकवतात. भाऊजी सुतारकाम करतात, प्लास्टर करतात आणि दिवसभर कुरकुरतात. हात सोन्याचे आहेत, पण तोंड बंद ठेवायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं.

तर ज्या घराबद्दल सांगतेय, तिथली सिनेमाची खोली आमचीच. चार भिंतींत स्पीकर पुरलेले, मागच्या भिंतीला टेकून लांबलचक सोफा. त्या मागच्या भिंतीच्या पलीकडे मालकांच्या आईची खोली. आजींना ऐकू येत नाही. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकून दिलंय. घरात मालक, त्यांची बायको आणि आजी, एवढीच माणसं. सगळी चांगली. भांडण नाही, तंटा नाही. पण बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडायला लागतं, आणि दिवसभर ऑफिसात घसा फोडून आलेल्या माणसात संध्याकाळी ओरडायचं त्राण उरत नाही. मग बोलणं जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढ्यावर येतं. तेही खुणांनी.

एक दिवस मालकांचा फोन आला. "ताई, आईचे फार हाल होतायत हो. आम्ही सिनेमा लावला की ती झोपतच नाही. हिने कितीदा बघितलंय, पलंगावर भिंतीला पाठ लावून नुसती बसून असते. सिनेमा संपेपर्यंत."

"पण त्यांना ऐकू कुठे येतं?"

"ऐकू नाही येत, पण भिंत हादरते ना! तिला त्रास होत असणार. बोलून दाखवत नाही बिचारी. काहीतरी करा. तिच्या खोलीत टाचणीएवढाही आवाज जायला नको."

आता सांगा, यात कुणाचं काय चुकलं? मुलाला आईची काळजी, सुनेचं सासूकडे लक्ष. मी जाऊन मोजमाप घेतलं. आजींच्या बाजूने नवी भिंत उभी करायची, जुनीला कुठेही न टेकणारी. मधल्या पोकळीत आवाज गिळणारी लोकर ठासायची, वर फळ्यांचे दोन थर. जुनी भिंत कितीही थरथरली तरी नवीला पत्ता लागत नाही. खोली वीतभर लहान होते, तेवढंच.

काम चालू होतं तेवढे दिवस आजींना जेवणाच्या टेबलापाशी बसवलं होतं. त्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या. मधूनच उठून दाराशी यायच्या आणि आमच्या सांगाड्याकडे बघायच्या.

"ओल आलीय का भिंतीला?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

भाऊजी शिडीवर होते, तोंडात स्क्रू धरलेले. त्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. खरं सांगायचं म्हणजे चार वाक्यं ओरडून बोलावी लागली असती. तोंडावर धुळीचा मास्क, कंबर धरलेली, कोण ओरडणार? बहिऱ्या माणसाला मान डोलावून वाटेला लावायचं, ही सवय सगळ्यांनाच असते. त्या घराला होती, आम्हालाही लागली.

"म्हातारी सारखी मध्ये मध्ये येतेय," भाऊजी म्हणाले. "वहिनी, त्यांना सांगा ना जरा."

"तुम्हीच सांगा. तुमचा आवाज मोठा."

"माझा घसा बसलाय."

"बसलाय म्हणे! मघाशी चहासाठी कोण कोकलत होतं मग?"

शेवटी आजींना कुणीच काही सांगितलं नाही. भिंत उभी राहिली, रंग वाळला, आम्ही पलंग पुन्हा भिंतीशी सरकवून दिला. दुपारची वेळ होती, मालक मुद्दाम सुट्टी घेऊन थांबले होते. त्यांनी पलीकडे दणदणीत मारामारीचा सिनेमा लावला. मी आजींच्या खोलीत जाऊन दार लावलं. शांत. इतकं शांत की माझं मलाच कौतुक वाटलं. एवढं चोख काम आम्ही क्वचितच केलं असेल.

आजी माझ्यामागून आल्या. पलंगावर चढल्या, उशी बाजूला सारली, भिंतीला पाठ लावून बसल्या आणि वाट बघायला लागल्या.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आता बरं वाटतंय ना?"

"लावलाय का सिनेमा?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून खूण केली. त्यांनी वळून तळवा भिंतीवर ठेवला. मग गाल टेकवला. जरा सरकून दुसरीकडे हात लावून बघितला.

"काहीच येत नाही गं," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात ना, तशा हसल्या. "ओल नव्हती तर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई रोज संध्याकाळी इथे त्रास सोसत बसलेली नव्हती. तिला हवं असायचं म्हणून बसायची. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, तिच्याच भल्यासाठी, ते काढून घेतलं होतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आपल्याला सांगितलं तसं आपण केलं. तू आता पाय शेकत बस." पाय शेकले, पण मनातून ते जाईना. आयुष्यभर कुणाचं ना कुणाचं मन राखून जीव थकलाय माझा, आणखी एक म्हातारी कशाला गळ्यात घेऊ, असंही वाटलं. राग आला, तिचा नाही, सगळ्याचाच. मग सुचलं. सोफ्याखाली बसवतात तसलं एक यंत्र दुकानात पडून होतं. त्याला आवाज नसतो, सिनेमात धडाम झालं की ते नुसतं थरथरतं आणि बसलेल्याला हादरे देतं. भाऊजी त्याला भूकंप म्हणतात. म्हटलं, हा भूकंप आजींच्या पलंगाखाली लावू. भिंत राहील बंद आणि आजींना मिळेल सिनेमा.

मालकांना विचारलं तर ते खूशच झाले. "आईला सिनेमा आवडतो? अहो, मग आमच्यात येऊन बसत का नाही?" मग त्यांनाच आठवलं. "एकदा बसली होती तशी. प्रत्येक वेळी वळून सांगावं लागायचं, हा कोण, ती का रडतेय. मग म्हणाली झोप येतेय, आणि गेली."

सुट्टीच्या दिवशी सकाळी एकटीच गेले. पलंगाखाली आडवी होऊन यंत्र ठोकलं, उठताना कंबरेने नाव काढलं. आजींना पलंगावर बसवलं. मालक सिनेमाच्या खोलीत रिमोट घेऊन तयार होते. त्यांनी सुरू केलं.

पलंग थरथरायला लागला. आजी आधी दचकल्या, मग दोन्ही हात मांडीवर ठेवून, बसमध्ये बसल्यासारख्या निमूट बसून राहिल्या.

"बरंय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "हे काय आहे गं?"

"सिनेमा, आजी! पलीकडचा सिनेमा!"

"सिनेमा होय!" त्यांनी तोंड वाकडं केलं. "मला काय करायचाय सिनेमा?"

मी खाली जमिनीवरच बसले. "मग रोज भिंतीला टेकून काय करत होता?"

त्यांना ऐकू गेलं नसावं, पण माझं तोंड बघून प्रश्न कळला.

"अगं, तो तिथे बसतो ना," त्यांनी नव्या भिंतीकडे बोट केलं. "सोफा आला त्या दिवशी मी बघून ठेवलं, कोणत्या टोकाला बसतो ते. मग पलंग इकडे सरकवून घेतला. त्याला हसायला आलं की तो पाठ आपटतो. लहानपणापासूनची खोड. दोन खुर्च्या मोडल्यात त्याने हसून हसून. अजून आपटतो. सोफा धप्पकन भिंतीवर येतो, मला इथे कळतं." त्यांनी पाठीवर हात नेऊन जागा दाखवली, दोन खांद्यांच्या मध्ये. "सिनेमाची हादरणी वेगळी आणि त्याची वेगळी. उठून गेला की पण कळतं. मग मी आडवी होते. दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं."

पलंग खालून थरथरतच होता. मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी पलंगाखाली वायर बघत असल्याचं नाटक केलं.

मग उठले आणि पलीकडे गेले. मालक सोफ्यावर बसले होते, आनंदात. "आवडलं ना तिला?"

आडपडदा ठेवायची ताकदच नव्हती माझ्यात. मी सरळ सगळं सांगितलं. हसणं, पाठ, सोफा, सगळं. त्यांनी सिनेमाचा आवाज बंद केला.

"मी पाठ आपटतो?" ते म्हणाले.

"असं आजी म्हणतात."

ते सोफ्यावर आपल्या टोकाला सरकले आणि पाठ मागे आपटली. धप्प. सोफा भिंतीवर आदळला.

"बघा ना, ताई, कळलं का तिला?"

मी दारातून बाहेर पडून शेजारच्या खोलीत डोकावले. आजी खिडकीबाहेर बघत होत्या. मी परत आले. "नाही."

त्यांनी पुन्हा आपटली. जोरात. "आता?"

मी पुन्हा जाऊन आले. "नाही."

"आता?"

"नाही हो. नाही कळणार. आम्ही केलंच आहे तसं."

तरी ते आपटत राहिले. एवढा मोठा माणूस, केस पिकत आलेले, तोंड लाल झालेलं, आणि पाठ आपटतोय. सूनबाई काय झालं म्हणून धावत आली आणि दारातच थबकली. मी चौकटीला टेकून उभी राहिले. मला सांगावंसं वाटत होतं की हो, कळलं, पण आता खोटी मान डोलवायची नव्हती मला.

मग ते उठले आणि आईच्या खोलीत गेले. आजींनी चमकून बघितलं. "का रे? बरं नाही का?"

ते पलंगावर आईकडे पाठ करून बसले आणि आपली पाठ तिच्या पाठीला टेकवली. हलकेच मागे ढकललं.

"ढकलतोस काय?" आजी म्हणाल्या. "हसल्यावर यायचं ते."

मालकांनी मुद्दाम हसून बघितलं.

"हे नव्हे," आजी म्हणाल्या. "हे खोटं आहे."

तेव्हा मात्र ते खरंच हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि पाठीने आईला असा दणका दिला की त्या पुढे झुकल्या. "हां," त्या म्हणाल्या. "हेच."

मी पलंगाखाली शिरून भूकंपाची वायर काढली. बाहेर आले तेव्हा मालक फोन घ्यायला उठून गेले होते. कामाचा होता, बाहेर बोलणं लांबलं. आजी दाराकडे बघत बसल्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. सवय होती त्यांना.

मी पिशवी भरायला लागले तसा त्यांनी माझा हात धरला.

"रोज काही तो इथे येऊन बसणार नाही," त्या म्हणाल्या. "थकून येतो गं. तू आपली भिंत उघड."

मी मान डोलावली. मग वाटलं, ही तीच मान. म्हणून त्यांच्या कानाशी वाकले आणि घसा फुटेस्तोवर ओरडून सांगितलं, "उद्या उघडते, आजी!" आणि भाऊजींना फोन लावला की पहार घेऊन या.