नऊ नंबरचा खण

भीमराज खोब्रागडेला क्लबाचे सगळे नियम तोंडपाठ होते. ज्यांनी ते केले त्यांतल्या निम्म्यांना ते आठवत नसत, पण भीमराज एकही विसरला नव्हता. चौदाव्या वर्षी दुसऱ्यांच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन तो या माळावर आला, आणि आता त्याची पन्नाशी उलटली होती. इतकी वर्षं एखाद्या शाळेत काढली असती तर निदान हेडमास्तर झाला असता. इथं त्याला व्हरांड्यात बसायला एक स्टूल मिळालं होतं.

क्लब यवतमाळच्या बाहेर, बाभुळगाव रस्त्याला लागलं की डाव्या हाताला. इंग्रजांच्या वेळी कोण्या साहेबानं हौसेनं नऊ भोकं खणून घेतली आणि साहेब गेल्यावर भोकं राहिली. हिरवळीचं मात्र नाव नाही. जिथं माणसांचं पाणी टँकरनं येतं तिथं गवताला कोण पाजणार? म्हणून प्रत्येक भोकाभोवती तेल पाजलेली काळपट वाळू दाबून बसवलेली असे, आणि तिला सगळे ‘ब्राऊन’ म्हणत. वाळूवरून माणसं गेली की त्यांच्या पावलांच्या खुणा गोणपाटानं पुसून काढायच्या, हाही एक नियमच.

नियम असे पुष्कळ. कोर्सवर धावायचं नाही. चेंडूच्या वाटेवर आपली सावली पडू द्यायची नाही. कोणी चेंडूवर वाकला की बाकीच्यांनी होते तिथं खांबासारखं उभं राहायचं, खोकलासुद्धा गिळायचा. शिवाय एक न लिहिलेला नियम होता, तो दोन हजार पाच-सहाच्या त्या वर्षांत आपोआप तयार झाला. कुंपणाच्या आत कापसाचं नाव काढायचं नाही. बाहेर सगळा जिल्हा कापसापायी रडत होता, रोज पेपरात कोण्या तरी गावचं नाव येत होतं, दिल्लीहून गाड्या येऊन जात होत्या. आत मेंबर लोक म्हणत, दोन तास तरी नको तो विषय. त्यांतल्या चौघांचे तर कापसातली सरकी काढायचे स्वतःचे जिन होते.

आणि मग मोबाईल आले, तसा मोबाईलचा नियम आला. व्हरांड्यात सागवानी कपाट होतं, जुन्या काळी मेंबरांची पत्रं ठेवायचं. चोवीस खण, प्रत्येकाला पितळी नंबर. फोन त्यात ठेवायचा आणि मगच पायरी उतरायची. कपाट भीमराजच्या ताब्यात. बोर्डावर लिहिलेलं होतं की मेंबराचा फोन नोकरानं उचलू नये, आणि खेळ चालू असताना कोणाचाही निरोप कोर्सवर नेऊ नये.

हा नियम भीमराजनं एकदाच मोडला होता, दोन वर्षांपूर्वी. एका डॉक्टरसाहेबांचा फोन सारखा वाजत होता. बाळंतिणीचं काम असेल म्हणून तो फोन घेऊन तिसऱ्या ब्राऊनवर गेला. डॉक्टरसाहेब नेमके वाकलेले. चेंडू भोकाच्या काठावरून निघून गेला. संध्याकाळी कमिटी बसली, भीमराजला टेबलासमोर उभं केलं आणि पंधरा दिवस घरी बसवलं. डॉक्टरसाहेब त्या खोलीतच होते, पण खिडकीतून बाहेर बघत राहिले. भीमराज ते विसरला नाही. त्या दिवसापासून खणातला फोन म्हणजे त्याला खणातला साप वाटायचा.

नऊ नंबरचा खण रामधनशेठचा. पुढं चार-पाच कोसांवर रस्त्यालाच त्यांचं जिनिंग होतं. माणूस तसा वाईट नव्हता. भीमराजनं एकदा हात जोडून म्हटलं, शेठ, बायकोले काही काम असंन तर पाहा, तर दुसऱ्या दिवसापासून नलू त्यांच्या जिनात लागली. मोठ्या शेडमध्ये कापसाची गंजी, माणसाच्या दुप्पट उंच. तिच्या पायथ्याशी बसून बायका कापसातली पत्ती आणि किडकी कवडी निवडायच्या. नलूला ते काम लावून दिल्याचा भीमराजला फार अभिमान होता. शेजारच्या इंदूबाईलाही नलूनंच तिथं नेलं.

एप्रिलातली ती सकाळ. नलू डबा बांधता बांधता म्हणाली, “अजी, शेठ येतीन न आज खेळाले?”

“शनिवार हाय. येतीनच. काहून?”

“काल गंजीतून करपट वास येऊन राह्यला होता. मशिनीत गोटा-बिटा गेला की ठिणगी पडते म्हणे, अन् कापूस आतल्या आत धुमसत राह्यते. फाटकावरच्या डोंगरसिंगभाऊनं मशीन बंद केली, तर शेठ फोनवर लय बोलले त्याले. म्हणे, मले विचारल्याशिवाय बटणाले हात लावशीन तर घरी पाठवीन. फाटकावर ट्रॅक्टरची लाइन लागली हाय न. तुमी सांगून पाहजा. तुमचं ऐकतीन.”

“सांगतो न,” भीमराज म्हणाला. तुमचं ऐकतीन, हे त्याला फार बरं वाटलं.

सात वाजता शेठ आले. सोबत तीन मेंबर, त्यांत क्लबाचे सेक्रेटरी श्रीकृष्णराव. हे रिटायर झालेले मोठे अधिकारी. नोकरी गेली तरी अधिकार काही अंगातून उतरला नव्हता. शेठनं फोन नऊ नंबरच्या खणात ठेवला. भीमराजनं तोंड उघडलं. पण श्रीकृष्णराव बघत होते, आणि मेंबरानं विचारल्याशिवाय आपलं काम काढायचं नाही, त्यातून कापसाचं तर नाहीच. “नमस्कार शेठ,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. शेठ हसले, टोपी नीट केली आणि पायरी उतरून गेले. परत आल्यावर सांगू, असं भीमराजनं मनाशी ठरवलं. नऊ वाजेपर्यंत काय होते?

साडेआठला फोन थरथरला. सागवानी खणात तो असा गुरगुरे की कपाटाची काच हाले. भीमराजनं वाकून पाहिलं. इंग्रजीत ‘जिन गेट’ अशी अक्षरं होती. सीझनमध्ये जिनातून शेठला दिवसाचे वीस फोन येत, त्यात नवल नव्हतं. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. भीमराजनं फडकं घेतलं आणि कपाटाचे पितळी नंबर पुसायला लागला. सातव्यांदा फोन वाजला तेव्हा तो नऊचाच आकडा पुसत होता, आणि त्याला सकाळचा करपट वास आठवला. वास नलूच्या बोलण्यातला, पण त्याच्या नाकात आल्यासारखा झाला.

तो घाबरला, हे सरळच सांगितलं पाहिजे. जिनाला काय होईल म्हणून घाबरला, आणि खणात हात घातला तर आपलं काय होईल म्हणूनही घाबरला. दोन्ही भीती सारख्याच मोठ्या होत्या. माणसाला इतकं कसं कोणी शिकवून ठेवतं, देव जाणे. आठव्या वेळेला फोन वाजून थांबला. नवव्या वेळेला त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि उचलला.

“शेठ!” पलीकडून डोंगरसिंग ओरडला. फाटकावरचा म्हातारा चौकीदार, चांगला धिप्पाड माणूस, पण आवाज फाटला होता.

“शेठ नाई, मी भीमराज बोलून राह्यलो. क्लबातून.”

“भीमराज, अरे कितीखेप लावला फोन! गंजीतून धूर निघून राह्यला. काल वास होता, आज धूर हाय. विचार शेठले, मशीन बंद करू का? बाया बाहेर काढू का? लवकर सांग बापा, तू म्हणशीन तसं करतो.”

काढ. दोन अक्षरांचा शब्द. भीमराजच्या जिभेवर तो आलाही होता. फोन शेठचा होता, त्यातून कोणीही ‘काढ’ म्हटलं असतं तरी डोंगरसिंगनं बटण दाबलं असतं आणि बाया उन्हात येऊन उभ्या राहिल्या असत्या. पण आपण कोण सांगणार? मशीन बंद पडली, धूर नुसता धूरच निघाला, तर शेठ विचारतील, तुला कोणी अधिकार दिला? आणि ते टेबल, आणि ती खिडकी.

“थांबा,” भीमराज म्हणाला. “शेठले विचारून सांगतो. दोन मिनिटं थांबा.”

आणि तो पायरी उतरून धावत सुटला. धावायचं नाही हा नियम त्यानं मोडला, फोन न्यायचा नाही हाही मोडला. छाती भात्यासारखी हलत होती. पाचव्या भोकावर कोणी नाही, सहाव्यावर नाही. सातवं भोक टेकडीवर. तो चढ चढून वर गेला तर समोर चौघे ब्राऊनवर उभे, आणि रामधनशेठ चेंडूवर वाकलेले.

भीमराज उभा राहिला.

त्यानं ठरवून काही केलं नाही. पाय आपोआप जागच्या जागी रोवले गेले. छत्तीस वर्षांची सवय त्याच्याआधी पोचली होती. श्वास नाकात धरला, हात पाठीमागं गेला, हातातला फोनही पाठीमागं गेला. एवढंच काय, ऊन मागून येत होतं म्हणून त्यानं एक पाऊल बाजूला घेतलं, सावली वाळूवर पडू नये म्हणून. शेठनं काठी दोनदा हवेत हलवून पाहिली, मागं सरले, एक डोळा मिटून उतार पाहिला, पुन्हा वाकले. पाठीमागं भीमराजच्या मुठीत फोन थरथरायला लागला, आणि आवाज होऊ नये म्हणून त्यानं मूठ आणखी आवळली.

चेंडू भोकात पडला. “वा, शेठ!” कोणी तरी म्हणालं. भीमराज पुढं झाला.

“शेठ, जिनातून...”

श्रीकृष्णरावांनी त्याच्याकडं न बघता तळहात दाखवला. त्यांची पाळी होती. त्यांच्यानंतर आणखी दोघांची. शेठनंही ओठांवर बोट ठेवून मान हलवली, म्हणजे एक मिनिट, रागानं नव्हे, हसून. आणि भीमराज पुन्हा उभा राहिला. ओरडला नाही. शेठचा हात धरला नाही. त्या टेकडीवर तो किती वेळ उभा होता हे त्यानं पुढं कितीतरी वेळा मनात मोजून पाहिलं. कधी तीन मिनिटं येत, कधी चार.

शेवटचा चेंडू पडला. भोकातून झेंडा काढून धरलेल्या मेंबरानं तो परत रोवायला मान वर केली आणि तसाच थांबला.

“तो धूर कसला हो?”

सगळ्यांनी पाहिलं. बाभुळगावच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, आभाळात काळा लोट उभा राहिला होता. खालून तो लाल होता. शेठच्या हातातली काठी वाळूवर पडली. भीमराजनं फोन पुढं केला. फोन आता वाजत नव्हता.

इंदूबाई गेली. तिच्यासोबत आणखी दोघी गेल्या. गंजी वरून शांत दिसत होती पण आतून पोकळ झाली होती, ती एकदम खाली बसली आणि भडकली, असं मागून समजलं. नलू दाराच्या बाजूला होती म्हणून वाचली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, कारण ती इंदूबाईला ओढायला परत आत गेली होती.

तिसऱ्या दिवशी क्लबाचं पत्र घरी आलं. क्लबातलाच एक माळी ते घेऊन आला, नजर चुकवत. मेंबराचा फोन उचलून कोर्सवर का नेला आणि कोर्सवर का धावला, याचा लेखी खुलासा द्यावा, खाली श्रीकृष्णरावांची सही. भीमराजनं ते वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्याला राग यायला पाहिजे होता. पण धावल्याबद्दल त्याला कोणी काहीही विचारलं तरी चाललं असतं. उभा राहिलास का, हे कोणी विचारेल याची त्याला भीती होती, आणि ते पत्रात कुठंच नव्हतं.

संध्याकाळी तो सरकारी दवाखान्यात नलूच्या खाटेपाशी बसला. तिच्या हातांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. भीमराज तिला चमच्यानं पाणी पाजत होता. खाटेवर पडल्यापासून ती फारशी बोललीच नव्हती. दोन चमचे प्याली आणि म्हणाली,

“अजी, त्या दिवशी फोन तुमीच उचलला होता न?”

भीमराजनं चमचा खाली ठेवला. “हो.”

“मले वाटलंच. डोंगरसिंगभाऊ आत आला अन् म्हणे, क्लबातून निरोप आला, थांबा म्हणते. इंदूबाई उठली होती. पदर खोचून उभी झाली होती ते. म्हणे, मी नाई बसत वं, मले भेव वाटते.” नलूनं पट्ट्यांकडं पाहिलं. “मी तिचा हात धरला. म्हटलं, बस वं, फोनपाशी आमचे हे असते. माह्या माणसाले माहीत हाय मी अठी हावो म्हणून. ते थांबा म्हणत असतीन, तर काही भेवाचं नसंन.”

शेजारच्या खाटेवरच्या बाईचं कण्हणंही त्याच वेळी थांबलं होतं, आणि भीमराज ब्राऊनपाशी उभा राहायचा तसाच न हलता बसून राहिला.

“मंग थांबलो आमी,” नलू म्हणाली.