नकटीचं कपाळ

छोट्या विमानाला माणूस काय आणि बटाट्याचं पोतं काय, दोन्ही सारखंच. चढण्याआधी दोघांनीही काट्यावर उभं राहायचं. तिने बाळाला एका खांद्यावर घेतलं, दुपट्यांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर अडकवली आणि काट्यावर चढली. काउंटरवाल्याने आकडा टिपून घेतला.

मागे एक दुकानदारीणबाई होत्या. सामान हलकं भरावं म्हणून त्यांनी एकावर एक तीन स्वेटर अंगात चढवले होते आणि घामाने डबडबल्या होत्या.

"बाई, अंगावरचंही काट्यावर येतंच की," काउंटरवाला म्हणाला.

"येऊ दे. पण आकडा मोठ्याने वाचलात तर याद राखा. इतकी वर्षं संसार केला, नवऱ्याला कळू दिला नाही तो!"

सगळे हसले. तिलाही हसू आलं असतं, एरवी. आज तिचा सगळा जीव वरच्या डोंगरात गुंतला होता. तिथे, धावपट्टीला लागून असलेल्या हिरव्या पत्र्याच्या घरात तिचे बाबा शेवटच्या घटका मोजत होते. काल आईचा फोन आला होता. "डॉक्टर म्हणाले, लेकीला बोलावून घ्या. अधूनमधून डोळे उघडतात आणि नात आली का विचारतात. निघच तू."

नात त्यांनी अजून पाहिलीच नव्हती. पोर अशक्त जन्मली, पहिले महिने दवाखान्याच्या वाऱ्या करण्यात गेले. मग तिला सारखी सर्दी व्हायची, मग रात्ररात्र कण्हायची. वर हवा विरळ, थंडी बोचरी. जरा बाळसं धरू दे, मग नेते, असं म्हणत म्हणत तिने दिवस ढकलले होते. नवरा म्हणायचा, "अगं, तिथेही मुलं वाढतातच. तूही तिथेच वाढलीस ना?" तिला ते पटायचं आणि तरी धीर व्हायचा नाही. आता दरड कोसळून रस्ता बंद होता. उरलं हे विमान. रोज सकाळी एकच खेप. दुपारी दरीत वारा सुटला की संपलं. आणि तीही वरून 'उघडलं' असा निरोप आला तरच.

तो निरोप देणं हेच बाबांचं आयुष्यभराचं काम. धावपट्टीच्या टोकाला एक खोली, खोलीला मोठी खिडकी आणि खिडकीसमोर दरीपलीकडचा कडा. बाईच्या चेहऱ्यासारखा दिसायचा तो. कपाळ, बसकं नाक, हनुवटी. सगळे त्याला नकटी म्हणायचे. विमान तिच्या कपाळाला वळसा घालूनच खाली उतरायचं, म्हणून कपाळ दिसायलाच हवं. नाक दिसो, हनुवटी दिसो, कपाळ ढगात असेल तर बाबांचं उत्तर ठरलेलं: बंद. एकदा कुणी मोठे अधिकारी खाली अडकले होते, फोनवर गरजले. बाबा म्हणाले, "साहेब, मला ढग बघायला बसवलंय, हलवायला नाही." घरी येऊन जेवता जेवता हसायचे. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! आजही वऱ्हाड खालीच राहिलं."

बाबा अंथरुणाला खिळल्यापासून खिडकीशी त्यांचा हाताखालचा माणूस बसत होता. ती त्याला लहानपणापासून दादा म्हणत आली होती. सगळं काम त्याला बाबांनीच शिकवलेलं.

तिने दादाला फोन लावला.

"दादा, मी आलेय विमानतळावर. दिसली का?"

"हनुवटी दिसतेय. नाकही थोडं थोडं. कपाळावर मात्र ढगाने ठाण मांडलंय."

"बाबा कसे आहेत?"

"मघाशी डोळे उघडले होते. काकू चमच्याने पाणी पाजत होत्या."

"दादा, बघ ना रे नीट."

"बघतोच आहे गं."

"नीट बघ. थोडं तरी दिसत असेल. उद्यापर्यंत ते... तूच सांग, आहे का वेळ त्यांच्याकडे?"

दादाला कुणालाही नाही म्हणता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी बाबांनी नको म्हटलेलं सगळं ती त्याच्याकडेच मागायची.

"बघतो," तो म्हणाला.

बाळाचं झबलं बदलून होतंय न होतंय तोच काउंटरवरचा फोन वाजला. "उघडलं! चला, चला मंडळी!" काउंटरवाला ओरडला. लोकांनी पिशव्या उचलल्या. तिच्या छातीवरचा दगड उतरला आणि त्याच जागी बारीकसं कुसळ रुतलं. इतक्यात ढग हलला? हललाही असेल, तिने मनाला समजावलं, आणि ती पायऱ्या चढली.

विमान म्हणजे पंख लावलेली जीपच. दोन्ही पंखे फिरायला लागले तशा खिडक्या, खुर्च्या, दातसुद्धा थरथरायला लागले. वैमानिकाच्या आणि बसणाऱ्यांच्या मध्ये दार नव्हतं; कप्तानाची मान, मानेवरचे पिकले केस, पुढची काच, सगळं दिसत होतं. दुकानदारीणबाई तिच्या शेजारी बसल्या आणि एकेक स्वेटर सोलायला लागल्या. "काय गोड आहे हो पोर! आजोळी निघाली वाटतं?"

"हो. आजोबांना भेटायला."

"भाग्यवान आहेत आजोबा."

बाळाचे कान दुखू नयेत म्हणून उतरताना पाजायचं, हे तिने चार ठिकाणी वाचून ठेवलं होतं. पदराआड बाळ तयार ठेवून ती खाली बघत राहिली. नदी दोऱ्याएवढी झाली. मग डोंगर वर येऊ लागले, आणि विमान त्यांच्यामधून, कुणाच्या अंगणातून दबकत जावं तसं, जाऊ लागलं.

मग काचेबाहेर सगळं पांढरं झालं. विमान धपकन खाली बसलं, पुन्हा वर उचललं गेलं. पिशव्या आदळल्या. कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज केला. विमान एका अंगावर कललं, आणि ढगाच्या एका फटीतून तिला खाली हिरवा पत्रा दिसला. तोच पत्रा. अंगणात वाळत घातलेली पांढरी चादरसुद्धा दिसली. तिने खिडकीला कपाळ टेकवलं. पण फट मिटली होती.

"कपाळ कुठंय?" कप्तान शेजारच्याला ओरडून म्हणाला. "मला काहीच दिसत नाहीये. कोणत्या गाढवाने उघडलं म्हणून सांगितलं?"

दुकानदारीणबाईंची बडबड केव्हाच थांबली होती. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. बाळ मात्र चुटुचुटु पीत होतं, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखं. तिने बाळाच्या टाळूवर तोंड टेकवलं. खाली उतरा, असं तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याच श्वासात, परत फिरा, फिरा हो लवकर, असंही. मांडीवरचा जीव एकीकडे ओढत होता, खालचा दुसरीकडे. विमानाने पुन्हा एक घिरटी घेतली. पंख्यांचा आवाज दरीभर घुमला. मग कप्तानाने मान हलवली, विमानाचं नाक वर उचललं आणि परतीची दिशा धरली.

खालच्या विमानतळावर परत उतरल्यावर लोक काउंटरभोवती जमले. भांडायचं त्राण कुणात नव्हतं. तिचा फोन वाजला. दादा होता.

"उघडलं गं," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "तुम्ही वळलात आणि लगेच उघडलं. पूर्ण. कपाळासकट. लख्ख. मी जरा थांबलो असतो तर..."

तिने धावत जाऊन काउंटरवाल्याला सांगितलं. त्याने फोन फिरवला, कुणाशी तरी बोलला, पुन्हा फिरवला. "ताई, तेल भरून तयार होईस्तोवर वर वारा सुटतो. कप्तान नाही म्हणतात. एकदा गेलेली खेप आज पुन्हा नाही." त्याने नजर चुकवत म्हटलं, "आधीच थोडं थांबलो असतो तर एव्हाना पोचला असतात."

ती भिंतीशी जाऊन बसली. बाळ झोपलं होतं. कुणावर चिडावं तर चिडायला कुणी नव्हतं. दादाला तिनेच गळ घातली होती.

आईचा फोन आला तेव्हा तिने तो जरा वेळ वाजू दिला.

"विमान ऐकलं गं त्यांनी," आई म्हणाली. "डोळे मिटलेले होते, पण ऐकलं. डोक्यावर घिरट्या घालत होतं ना. एकदम म्हणाले, 'यांना कुणी पाठवलं? कपाळ झाकलेलंय.' खिडकीकडे बघितलंसुद्धा नव्हतं त्यांनी."

"मग?"

"मी म्हटलं, अहो, तुमची लेक आहे त्यात, नातही आहे. तर उठून बसायला बघायला लागले. म्हणाले, 'मग बघतेस काय? परत पाठव त्यांना. आधी परत पाठव.' हाताने खूण करत होते, अशी, जा जा म्हणून. आवाज लांब जाईपर्यंत करत होते."

"आई, मग?"

पलीकडे घरात कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी दार लावलं. एवढ्यानेच तिला कळलं.

मग आई म्हणाली, "बाळ कसं आहे?"

"झोपलंय," ती म्हणाली. "ठीक आहे. कानही नाही दुखले."

दुकानदारीणबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या, तिचा चेहरा बघून काही न विचारता शेजारी बसल्या आणि आपला एक स्वेटर त्यांनी बाळाच्या पायांवर पांघरला. काउंटरवाला लांबूनच विचारत होता, "ताई, उद्याची सीट ठेवू ना?"

तिने मान हलवली. मग तिने दादाला फोन लावला. त्याने उचलला. नुसता रडत होता.

"दादा, ऐक," ती म्हणाली. "उद्या नीट बघ. कपाळ पूर्ण दिसल्याशिवाय कळवू नकोस. माझ्यासाठी घाई करू नकोस. आता कसलीच घाई नाही."