प्रयोग झाला की परत

माईंच्या मुलाने हिंदी नाटक बसवायला घेतलं आणि माईंच्या खोलीतल्या वस्तूंना पाय फुटले. हौशी मंडळींची रीतच ती, सेटसाठी ज्याच्या घरून जे मिळेल ते उचलायचं. आधी माईंच्या नवऱ्यामागे उरलेली आरामखुर्ची गेली, मग भिंतीवरचं घड्याळ, मग रेडिओ. शेवटी खाट. तिथे मात्र माई अडल्या. तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात बसून पाठ कामातून गेलेली, दुसरीकडे कुठे डोळा लागत नसे. मुलगा म्हणाला, प्रयोग झाला की त्याच दिवशी परत. लेकाचं तोंड बघून माई विरघळल्या. दहा दिवस हॉलमधल्या सोफ्यावर अंग मुडपून काढले.

प्रयोग दुपारचा होता. पडदा वर गेला आणि माईंनी तोंडावर हात ठेवला. स्टेजवर त्यांचीच खोली, जशीच्या तशी! नाटकाचा विषय, बदलतं कुटुंब. मुलगा-सून नोकरीच्या मागे, फ्लॅट अपुरा, आई नकोशी. आईचं काम करणारी बाई माईंच्या खाटेवर बसून खोकत होती, तेही बेताचंच. शेवटच्या प्रवेशात नाटकातला मुलगा तिच्या पायाशी बसून म्हणाला, "माँ, यह कमरा तुम्हारा है, तुम्हारा ही रहेगा." सगळं थिएटर मुसमुसत होतं. शेजारी बसलेली सून तर ढसाढसा रडली. माईंचाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोला. हे सगळं आपल्या पोराने लिहिलंय, म्हणजे त्याला कळतं, असं त्यांना वाटलं.

नाटक संपल्यावर मुलाभोवती ही गर्दी. आईचं दुःख किती जवळून पाहिलंत हो, म्हणून लोक त्याचे हात हातात घेत होते. त्यातून वाट काढत माईंनी विचारलं, खाट आणायला टेम्पो कधी येणार? तो म्हणाला, अजून बारा प्रयोग ठरलेत, गावोगावी. बरं, आणि त्यानंतर? तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं.

सून डोळे पुसता पुसता म्हणाली, "उद्या त्या खोलीत माझं ऑफिसचं टेबल बसतंय, माई. तुम्हाला आता सोफ्याची सवय झालीच आहे ना?"

माई पायऱ्या चढून सरळ स्टेजवर गेल्या आणि आपल्या खाटेवर बसल्या. पाठ टेकणार, तेवढ्यात सेट काढायला आलेला सुतार जवळ आला.

"काकू, उठा बरं. ती आईची खाट आहे."

मुलगा मागोमाग आला होता, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला नक्की ऐकू गेलं. माईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचं घड्याळ उतरवायला वळला, तेव्हा गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि सवयीने चादरीची सुरकुती सारखी केली.

"त्या आईला एवढं सांगा," त्या सुताराला म्हणाल्या, "डावीकडचा पाय डगमगतो, त्याखाली पुठ्ठा घालावा लागतो. मुलावर विसंबू नकोस म्हणावं. तो विसरतो."