शेवटच्या खांबाचं घर

पंख्याचं पातं शेवटचा फेरा पुरा करायच्या आत अमृतभाई ओट्यावर पोचले होते. हातात वर्तमानपत्र, खांद्यावर टॉवेल, आणि तोंड उघडलेलं.

"गयी! परत गयी! अरे, तठे माणसं बैठेल शेतस का नुसत्या खुर्च्या?"

समोर माणसं नव्हती. समोर विजेचा खांब होता. लोणखेड्यातल्या त्या गल्लीचा शेवटचा खांब, त्याच्याआधीचं शेवटचं घर अमृतभाईंचं, आणि खांबापलीकडे केळीची बाग. अमृतभाई खांबालाच बोलत. बोललेलं सगळं ऐकून घेतो आणि उलट टिपण पाठवत नाही, हा खांबाचा गुण तीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसालाच कळतो.

रागवायला त्यांना विषयांचा तुटवडा नव्हता. सकाळी आठला दूरच्या देशातलं युद्ध, साडेआठला त्या युद्धानं महागलेलं तेल, आणि नऊला ते तेल जाळणारे शेजारचे धुडकूभाई. धुडकूभाईंचं मत असं, की गाडी म्हणजे जिला आवाज आहे ती. विजेवरची गाडी म्हणजे मुकं जनावर, चोरानं दावणीवरून सोडून नेलं तरी कळायचं नाही.

"तुमच्या डिझेलच्या धुरानं पारा पंचेचाळीसवर गेला, धुडकूभाई!"

"मंग सावलीमा ठेवा ना तो पारा," धुडकूभाई म्हणत आणि डिझेलची गाडी घेऊन दूध आणायला जात. डेअरी तीनशे पावलांवर होती.

पण या सगळ्या रागांचा जो मूळपुरुष, तो अमृतभाईंच्या स्वतःच्याच छतावर होता. दीड वर्षापूर्वी त्यांनी सोलर बसवलं. बसवलं त्या दिवशी अख्ख्या गल्लीला चहा पाजून जाहीर केलं, की आजपासून या खांबाचा आणि आपला संबंध संपला. पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी लाईट गेली. छतावर नऊ चकचकीत पाट्या सूर्याकडे तोंड करून तापताहेत, आणि खाली पंखा बंद. अमृतभाईंनी सोलरवाल्यांना फोन लावला. पलीकडून एक गोड मुलगी बोलली.

"सर, बाहेरची लाईन बंद झाली की तुमची सिस्टिमपण आपोआप बंद होते. सेफ्टीसाठी असतं ते."

"कोणाच्या सेफ्टीसाठी? मी तर इथं उकडून मरतोय!"

तिनं ते तक्रार म्हणून नोंदवून घेतलं आणि त्यांचा दिवस शुभ जावो असं सांगितलं.

धुडकूभाई तेव्हापासून त्या पाट्यांकडे बोट दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "काही नही, भाईनी ऊन वाळत घालेल शे."

हेही सोसलं असतं. पण गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, रूपाली, त्यांची मुलगी, सुरतेहून माहेरी आली ती नवऱ्याच्या नव्या विजेवरच्या गाडीत. भाग्येशकुमारांनी गाडी ओट्यापाशी लावून वायर काढली मात्र, लाईट गेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही. जावयाला परतीच्या वाटेवर नवापूरला गाडी भरत साडेतीन तास बाकड्यावर बसावं लागलं. तिथून त्यांनी फोन केला, "पप्पा, तुमचा सूर्य आखाजीच्या सुटीवर होता वाटतं." हे वाक्य सुरतेच्या चार लग्नांत जेवणाच्या पंगतीला वाढलं गेलं, आणि चारही लग्नांना अमृतभाई हजर होते.

म्हणून यंदा आखाजीच्या चार दिवस आधी त्यांनी चुडामणला बोलावलं. चुडामण मोटारी, मिक्सर, कूलर सगळं दुरुस्त करी. त्याच्याकडे कसलं प्रमाणपत्र नव्हतं, पण स्क्रूड्रायव्हर उत्तम होता. एक जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन तो आला, बोर्ड उघडून दोन तास आत डोकं घालून बसला आणि घामेजून बाहेर आला.

"सोलरले फसाडी दिधं, भाई. लाईट गई का हाऊ खटका दाबा. बॅटरीनी वीज पाहीसन त्याले वाटी, लाईन चालूच शे. छतवरनी वीज घरमा चालू."

"शाब्बास!"

"पन पहिले मेनना दांडा खाले पाडानं, मंग खटका. मेन वर राही गया ते घरनी वीज उलटी बाहेर तारवर जाई."

"जाऊ दे की. तेवढंच त्यांना माझ्याकडून."

चुडामण हसला. अमृतभाईही हसले. मग चुडामणनं बोर्डाखाली बॉलपेननं लिहून ठेवलं, 'पहिले मेन', आणि शर्टानं तोंड पुसून गेला.

आखाजीच्या दिवशी रूपाली आणि जावई अकराला पोचले. मागच्या अंगणात अमृतभाईंच्या पत्नी जसोदाबाई खापरावर पुरणाचे मांडे टाकत होत्या. भाग्येशकुमारांनी गॉगल काढला, छताकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"आम्ही येताना नवापूरलाच थोडी भरून घेतली, पप्पा. म्हटलं, रिस्क नको."

अमृतभाईंच्या कानाची पाळी लाल झाली. त्यांनी जावयाच्या हातून वायर घेतली, ओट्यावरच्या सॉकेटमध्ये स्वतः खोचली आणि म्हणाले, "हात धुवा. रस काढलाय."

पानं वाढली आणि सव्वाबाराला बाहेर खांबावर चट् असा आवाज झाला. दिवा एकदा लाल झाला, विझला. पंखा रेंगाळू लागला. रूपालीनं ताटातून मान वर केली. जसोदाबाईंनी सवयीनं पदर कानावर ओढला. भाग्येशकुमारांनी सासऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं वाक्य तयार होऊन बसलेलं अमृतभाईंना स्पष्ट दिसलं.

अमृतभाई उठले. बोर्डापाशी गेले. खटका दाबला.

पंख्यानं क्षणभर विचार केला आणि तो फिरू लागला. कूलर घरघरला. बाहेर गाडीच्या वायरीवरचा हिरवा ठिपका पेटला. जावयांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

या घटकेला काय बोलायचं, याचा अमृतभाईंनी वर्षभर विचार केला होता, आणि काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ते पाटावर बसले आणि म्हणाले, "रस वाढ."

बाहेर गल्ली भाजून निघत होती. धुडकूभाईंनी भिंतीवरून डोकं वर काढलं. त्यांनीच ऑफिसला फोन करून तक्रार दिली होती. एरवी ते काम अमृतभाईंचं असे.

"अमृतभाई, तुम्हना पंखा फिरी ऱ्हायना?"

"वाळलं ना ऊन," अमृतभाईंनी पाटावरूनच सांगितलं. भाग्येशकुमारांना ठसका लागला. धुडकूभाईंचं डोकं खाली गेलं.

जेवण झालं. हात पुसत ते खिडकीशी आले तेव्हा खांबाखाली जामसिंग उभा दिसला. हा ठेकेदाराकडचा वायरमन, धडगावकडचा, पंचविशीचा, सुतासारखा बारीक. शिडी खांबाला लावलेली, कमरेला पट्टा आवळलेला, खिशात पक्कड. पण चढत नव्हता. मान वर करून तारेकडे बघे, मग अमृतभाईंच्या घराकडे बघे, आणि परत तारेकडे. पाच मिनिटं गेली. जामसिंगनं पाय बदलला, एवढंच काम झालं.

सव्वाबारापासून अमृतभाईंचा राग बिनकामाचा बसून होता. त्याला एकदम पत्ता मिळाला. ते ओट्यावर आले, पण जावई घरात असल्यानं आवाज जरा दाबून बोलले.

"काय रे जामसिंग, मुहूर्त पाही ऱ्हायना का? बठी गल्ली शिजी ऱ्हायनी."

"काका, लाईन बंद शे का चालू, तेच समजी नही ऱ्हायनं."

"आता ते मी सांगू?"

"हां," जामसिंग म्हणाला. मग ओशाळून हसला. "म्हणजे, तुम्हीच सांगतस ना. डीपीवरना फ्यूज मी काढी लिधात. लाईन बंद पाहिजे. पन तुम्ही आज वरडनात नही."

अमृतभाईंना काही उमगलं नाही.

"आम्ही तीन जण, आनि हातमोजासनी जोडी एक. आज ती दुसराकडे शे. टेस्टर शे, पन तो कधी लागस, कधी नही. मंग मी तुम्हना आवाज ऐकस. तुम्ही खांबले शिव्या दी ऱ्हायनात म्हणजे तारमा जीव नही. दोन साल झायात, मी तसाच चढस." त्यानं घाम पुसला. "आज फ्यूज काढात, आनि तुम्हना आवाज नही. घरमा कूलर चालू. मन्हं मन नही म्हने."

"कोणता जोड जळाला?"

"हाऊ." जामसिंगनं बोट वर केलं. खांबावरून जी वायर निघून अमृतभाईंच्याच भिंतीत शिरत होती, तिच्या टोकाशी तांबं काळं पडलं होतं.

अमृतभाई त्या टोकाकडे बघत राहिले. मग जो भडका उडाला तो जावई, सण, शेजार काही बघणारा नव्हता.

"अरे, हातमोजे नहीत? तीन माणसं आनि एक जोडी? तो ठेकेदार कोठे मरी गया? मी काय त्याना भोंगा शे का रे? मी वरडसू आनि तुम्ही चढसात, हाई कोन्ता कायदा?"

आवाज केळीच्या बागेपर्यंत गेला. जामसिंगचा चेहरा उजळला.

"हां! आते बंद झायी," तो म्हणाला, आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेला.

अमृतभाईंनी ओट्यावरून उडी मारली. सदुसष्टाव्या वर्षी माणूस उडी मारतो तशी ती होती. एक चप्पल ओट्यावरच राहिली. त्यांनी मागून जामसिंगचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"उतर."

"काय झायं, काका?"

"पहिले उतर."

तो उतरला, जमिनीवर उभा राहिला, तरी अमृतभाईंच्या हातातून पट्टा सुटायला थोडा वेळ लागला. "हालू नको आठेथून," ते म्हणाले आणि घरात गेले.

बोर्डापाशी चुडामणचं अक्षर जागच्या जागी होतं. 'पहिले मेन'. त्याच्या वर मेनचा दांडा होता, आणि तोही जागच्या जागी होता. वर.

अमृतभाईंनी खटका बंद केला. कूलर थांबला, पंखा रेंगाळू लागला. त्यांनी दांडा खाली ओढला. तेवढ्यानं समाधान झालं नाही. मेनखालचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज त्यांनी उपटून काढला. तो तळहातात मावत होता आणि अजून कोमट होता.

"पप्पा, काय झालं?" भाग्येशकुमार दारात आले. "गाडी आत्ता कुठे साठ टक्क्यांवर आलीय."

"नवापूरला भरा," अमृतभाई म्हणाले.

रूपालीनं वडलांच्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं. 

बाहेर जामसिंग सांगितल्या जागी उभा होता.

"चढ आता."

जामसिंगनं मान हलवली, पण पाय उचलला नाही. तो अदबीनं वाट बघत राहिला. कशाची, ते अमृतभाईंच्या लक्षात यायला क्षण गेला. त्यांनी तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा उघडलं. शेवटी त्यांनी मूठ पुढे केली आणि उघडून फ्यूज दाखवला.

जामसिंगनं फ्यूज पाहिला. मग घराकडे, छतावरच्या पाट्यांकडे पाहिलं. त्याला काय कळलं आणि काय नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर आलं नाही. "बरं," एवढंच म्हणून तो चढला.

अमृतभाई ओट्याच्या उन्हातल्या टोकाला बसले. सावलीचं टोक दोन हातांवर होतं. भिंतीवरून धुडकूभाई उगवले.

"का भाई, ऊन परत वलं झायं का?"

अमृतभाईंची नजर शिडीवर होती. धुडकूभाई त्यांचा चेहरा पाहून, कशाला तरी भिऊन आत गेले.

हातमोज्यांबद्दल तक्रार करायची होती. ती कुठे, कोणत्या टेबलावर, कोणाला प्रत देऊन करायची हे अमृतभाईंना पाठ होतं. मनातल्या मनात त्यांनी 'महोदय' लिहिलं, विषय लिहिला. पुढे पहिलं वाक्य लिहायचं तर त्यात पहिलं नाव कोणाचं येतं, तिथे ते अडले. तीस वर्षांत एकही पत्र त्यांनी असं अर्धवट सोडलं नव्हतं. वर पक्कड वाजत होती. दर आवाजाला त्यांची बोटं फ्यूजवर आवळली जात होती.

जोड झाला. जामसिंग उतरला, डीपीवर फ्यूज परत बसवून आला, शिडी खांद्यावर टाकून बागेच्या बांधानं पलीकडच्या गल्लीत गेला. जाताना त्यानं हात केला. गल्लीत एकेक कूलर घरघरू लागला. धुडकूभाईंचा टीव्ही मध्येच एका वाक्यात सुरू झाला. तिथे कोणीतरी कोणावर तरी भयंकर संतापलं होतं.

जसोदाबाई दारात आल्या. "रूपालीना पप्पा, बठ्यासनी लाईट उनी. आपलीच नही. तठे उनमा काय करी ऱ्हायनात?"

अमृतभाई केळीच्या पानांवरून पलीकडे बघत होते. पलीकडच्या गल्लीतल्या खांबावर जामसिंग निम्म्यात पोचला होता. ती लाईन वेगळी होती, तिचा या घराशी काही संबंध नव्हता. हे त्यांना माहीत होतं.

"ऐकू येस का?" जसोदाबाई म्हणाल्या. "जवाई घामनी न्हाई निंघनात."

"येस," अमृतभाई म्हणाले. मूठ तशीच मिटलेली होती. "त्याले उतरू दे."