हातांवर बसलेली रूपाली

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे, पण किती वाजले ते मला विचारू नका. मला ते कधीच ठाऊक नसतं. माझ्या सागवानी पेटीत एक नाही, दोन तबकड्या आहेत आणि त्या दोघींचं आजवर एकदाही एकमत झालेलं नाही. मी बुद्धिबळाचं घड्याळ आहे. डावाच्या सुरुवातीला माझे काटे चारवर लावतात. ज्याची खेळायची पाळी, त्याची तबकडी चालते. त्यानं चाल करून माझ्या डोक्यावरचं बटण दाबलं की ती थांबते आणि समोरच्याची सुरू होते. काटा सहाजवळ आला की एक छोटी लाल झेंडी वर उचलली जाते. ठरलेल्या चाळीस चाली होण्याआधी ती पडली, तर डाव गेला. माझ्या आयुष्यात सहा तर हजारदा वाजले असतील, पण संध्याकाळ एकदाही झाली नाही.

स्वभावानं मी उतावळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. मी तर दोन्ही गुडघ्यांना बांधून बसलेला. कोणी गालावर हात ठेवून विचार करत बसलं की माझा जीव वरखाली होतो. अरे चाल ना बाबा, असं मला सारखं वाटतं. बोलता येत नाही म्हणून टिकटिक करतो.

१९९१ साली चिमाजी सरांनी मला मुंबईहून नाशिकला आणलं. इगतपुरीला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. पंचवटीत एका पिठाच्या गिरणीवरची खोली घेऊन त्यांनी बुद्धिबळाचा वर्ग काढला. खाली गिरणी सुरू झाली की पटावरची प्यादी थरथरायची आणि माझ्या काचेवर पांढरी पूड बसायची. मला ती खोली आवडायची. तिथे माझ्यासारखंच अस्वस्थ आणखी कोणीतरी होतं.

दोन वर्षांनी रूपाली आली. तेरा वर्षांची, मखमलाबादची, शेवंती-झेंडूच्या मळ्यातली. घरी मामाबरोबर खेळून शिकलेली. पहिल्याच दिवशी तिनं दोन प्यादी एकदम पुढे सरकवली, एक उजव्या हातानं, एक डाव्या. घरगुती खेळात पहिल्या चालीला दोन प्यादी एकेक घर सरकवतात, हे तुमच्याही आजोबांना माहीत असेल. पण स्पर्धेत असलं काही चालत नाही. सगळा वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की दोन्ही हात कशाला? ती म्हणाली, फुलं दोन्ही हातांनीच तर खुडतात.

आणि ते खरंच होतं. उजव्या हातानं फूल खुडायचं, तेवढ्यात डाव्यानं आधीचं फूल कमरेला बांधलेल्या फडक्यात टाकायचं. बाजारात माल उजाडायच्या आत पोचला पाहिजे, म्हणून मखमलाबादच्या मुलींचे हात थांबतच नाहीत. रूपालीचा खेळही तसाच होता. चाल दिसली की खुडली. माझं बटण तर ती असं टपकन दाबायची की मला गुदगुल्या व्हायच्या. मला वाटलं, जगात हिच्यासारखी खेळाडू नाही. उतावळ्याला उतावळी आवडणारच.

तीन वर्षांत ती नाशिक जिल्ह्यात कोणाला ऐकेनाशी झाली. मग १९९६ ची राज्य स्पर्धा आमच्याच गावात भरली. शेवटच्या फेरीत तिच्याकडे पांढरी मोहरी होती. ज्याच्याकडे काळी मोहरी, त्यानं घड्याळ कुठल्या बाजूला ठेवायचं ते ठरवायचं, असा तेव्हा रिवाज होता. समोरच्या मुलीनं मला रूपालीच्या डाव्या हाताला ठेवलं.

डाव रूपालीच जिंकत होती. पण दोघींच्या झेंड्या वर उचलल्या गेल्या, चाली धडाधड होऊ लागल्या, आणि रूपालीचे हात मळ्यात गेले. उजव्या हातानं मोहरा उचलला, डाव्यानं माझं बटण दाबलं. नियम असा आहे की ज्या हातानं चाल, त्याच हातानं बटण. पंचांनी समज दिली. दोनच चालींनी पुन्हा तेच झालं. मग त्यांनी मला उचललं आणि समोरच्या मुलीचा काटा दोन मिनिटं मागे घेतला. त्या दोन मिनिटांत तिनं वाट काढली. रूपाली गोंधळली, एक प्यादं घाईघाईनं मारलं, आणि तिचा वजीरच गेला.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. गंमत म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यात जास्त घाई मलाच होती, आणि माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही.

सरांनी मला सरावासाठी रूपालीकडे दिलेलं होतं. घरी गेल्यावर तिनं मला फुलांच्या रिकाम्या पाटीत टाकलं आणि वर गोणपाट घातलं. महिनाभर ती वर्गाला गेली नाही. माझी किल्ली उतरली, टिकटिक बंद पडली. घड्याळाला बंद पडून राहणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही निदान झोपता.

मला पाटीतून काढलं ते तिच्या आईनं, लताबाईनं. पदरानं पुसून तिनं मला गिरणीवरच्या खोलीत आणलं आणि सरांसमोर ठेवलं. घड्याळ परत द्यायला आली असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. तिला सरांकडून एकच गोष्ट हवी होती. पोरीचं नेमकं चुकलं काय?

सर म्हणाले, "लताबाई, तिला चाली येतात. तिला थांबता येत नाही. मी तीस वर्षं सिग्नल दिले. सिग्नल द्यायला हात लागतो. न द्यायला डोकं लागतं."

लताबाई म्हणाली, "आमच्यात थांबलं का फूल वाया जातं, सर. म्या तिला थांबू कधी दिलंच नाय."

सरांनी सांगितलं की मुलीला राष्ट्रीय स्पर्धा जिंकण्याइतकी बुद्धी आहे, पण पहाटे तीनपासून मळ्यात वाकलेली पाठ दुपारी पाच तास पटासमोर टिकत नाही. तिला झोप हवी, रोज सहा तासांचा अभ्यास हवा, आणि हे दोन-चार महिन्यांत होणारं काम नाही. लताबाईनं आपल्या बोटांकडे पाहिलं. शेवंतीच्या चिकानं ती काळी पडलेली होती.

"तीन वरसं तिच्या वाट्याच्या ओळी म्या खुडते," ती म्हणाली. "तवर ती मोठी स्पर्धा जिंकली तर जिंकली. नायतर पोरगी मळ्यात परत येईल, आन् तुम्ही बोलवाया यायचं नाय."

सरांनी मान हलवली. मित्रांनो, असा तो सौदा झाला आणि मी त्याचा साक्षीदार. तीन वर्षं म्हणजे किती टिकटिक, ते मी तुम्हाला सांगू शकतो, पण तुम्ही कंटाळाल.

सगळ्यात आधी सरांनी जे शिकवलं, त्याचा मला संताप आला. रूपालीनं दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे आणि हातांवर बसायचं. मला सुरू करायचं. पट समोर. सर "हं" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. पहिल्या दिवशी ती चार मिनिटांत रडकुंडीला आली. मीही. काटा चालतोय, वेळ वाया जातोय, आणि हे दोघं शांत! खालची गिरणीसुद्धा आमच्या बाजूनं घरघरत होती. सर खिडकीतून बाहेर बघत बसायचे, जणू कसाऱ्याचा घाट चढून गाडी यायची आहे.

मग वही आली. जिंकलेला डाव कोणीही जपून ठेवतो, सरांनी तिला हरलेल्या डावांची वही करायला लावली. दर गुरुवारी ती उघडायची आणि आपण कुठल्या चालीला कशाच्या मोहात पडलो, ते स्वतःच्या हातानं लिहायचं. 'प्यादं फुकट दिसलं.' 'समोरचा घाबरला असं वाटलं.' 'भूक लागली होती.' तिसऱ्या वर्षी दुसरी वही करावी लागली, यावरून ती किती हरली ते ओळखा. शेवटी फक्त राजा, हत्ती आणि दोन-तीन प्यादी उरतात, अशा कोरड्या डावांवर तिनं एक अख्खा पावसाळा घालवला. रोज संध्याकाळी ती चामरलेण्याच्या डोंगराच्या पायऱ्या चढायची. पाचव्या तासाला डोकं हरत नाही, आधी पाठ हरते, असं सर म्हणायचे.

मला वाटायचं जिंकणारे लोक म्हणजे विजेसारखे असतात. मी ज्या जिंकणारीला घडताना पाहिलं, ती बहुतेक वेळ नुसती बसलेली असायची. लताबाईलाही ते कोडंच होतं. "नुसतं बसाया शिकायला एवढी वरसं?" असं ती येता-जाता विचारायची. पण रूपालीच्या ओळी मात्र तीच खुडत होती. तिची बोटं सुजू लागली, सकाळी मूठ मिटेनाशी झाली. घरी तिनं ते कोणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण रविवारी माझी किल्ली ती द्यायची, आणि पूर्वीसारखी एका दमात देता येत नसे.

१९९९ मध्ये तीन वर्षं भरत आली आणि राष्ट्रीय स्पर्धा नाशिकला आली. देशभरातल्या खेळाडू जमल्या. गावातल्या वर्गांची घड्याळं गोळा केली, त्यात मीही होतो. पहिल्या पटासाठी मीच निवडलो गेलो. माझं वळण बघून निवडलं असं मी म्हणेन. खरं तर बाकीच्यांपैकी निम्मी मागे पडत होती.

शेवटच्या फेरीत रूपाली पहिल्या पटावर आली. समोर चेन्नईची, दोनदा विजेती ठरलेली खेळाडू. ती अर्ध्या गुणानं पुढे होती, म्हणून तिला बरोबरी पुरेशी होती. रूपालीला जिंकायलाच हवं होतं. रूपालीकडे पांढरी मोहरी. आणि समोरचीनं मला ठेवलं कुठे? पुन्हा रूपालीच्या डाव्या हाताला. माझ्या स्प्रिंगमध्ये कळ आली.

रूपालीनं डावा हात मांडीखाली घातला. सगळा डावभर तो तिथेच राहिला. दर चालीला तिला उजवा हात पटावरून आडवा आणून माझं बटण दाबावं लागे. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद जास्त जायचा. मी तो मोजत होतो, ती मोजत नव्हती.

छत्तिसाव्या चालीला रूपालीपाशी अकरा मिनिटं उरली होती, समोरचीपाशी चार. आणि समोरचीचा हत्ती उघडा पडलेला मला दिसला. मला, म्हणजे एका घड्याळाला दिसला, तर तिला दिसणार नाही का? वजिरानं उचलायचा आणि बस्स! मार, मार, असं मी ओरडत होतो. तुम्हाला ते टिकटिक असं ऐकू आलं असतं.

रूपालीनं उजवा हातही मांडीखाली घेतला आणि ती हातांवर बसली.

एक मिनिट. तीन. पाच. सर भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटले होते. सहा मिनिटं. आठ. रूपालीची झेंडी हळूहळू वर चढू लागली. मला स्वतःला थांबवता आलं असतं तर मी थांबलो असतो, पण घड्याळाला ती मुभा नाही. शेवटी मी नजर पटावरून काढली आणि हॉलमध्ये फिरवली.

मागच्या रांगेत लताबाई बसली होती. मुलीचा खेळ बघायला ती पहिल्यांदाच आली होती. तिला डावातलं एक अक्षर कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की आपली पोर हातांवर बसली आहे. म्हणून तीसुद्धा आपली सुजलेली बोटं मांडीखाली घेऊन, दोन्ही हातांवर बसली होती. एवढ्या वर्षांत मी त्या बाईचे हात कधी थांबलेले पाहिले नव्हते.

नऊ मिनिटांनी रूपालीनं उजवा हात काढला. हत्तीला ती शिवलीसुद्धा नाही. तिनं आपला राजा एक घर मागे घेतला, आणि त्याच हातानं माझं बटण दाबलं.

मग मला कळलं. हत्ती मारला असता तर समोरचा वजीर शहावर शह देत सुटला असता आणि डाव बरोबरीत संपला असता. आता शहांची वाट बंद झाली, आणि हत्ती अडकलेला होता तिथेच राहिला. समोरची खेळाडू बराच वेळ पटाकडे बघत बसली. तिची झेंडी वर चढली. तिनं आणखी दोन चाली करून पाहिल्या, मग मंद हसून हात पुढे केला.

रूपाली बक्षीस घ्यायच्या आधी मागच्या रांगेत गेली. लताबाईनं तिला जिंकलीस का, असं विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच.

"हात लय दुखले का गं?"

"नाही आई. तुझे?"

लताबाईनं हात पदराखाली घेतले.

पुढचं भराभर सांगतो, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. रूपालीला रेल्वेत नोकरी लागली, ती देशोदेशी खेळायला जाऊ लागली. दोन हजार तीन-चारच्या सुमारास आकड्यांची नवी घड्याळं आली. ती चाल केली की वरून तीस सेकंद बक्षीस देतात, आणि तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. मी गिरणीवरच्या कपाटात जाऊन पडलो. पीठ माझ्या चाकांत गेलं. सर थकून इगतपुरीला मुलाकडे गेले तेव्हा खोली रिकामी झाली, आणि रूपालीनं मला उचलून मेनरोडच्या मोतीराम घड्याळजीकडून साफ करून घेतलं. आता मी मखमलाबादला, लताबाईच्या फळीवर असतो.

मळ्यात आता मजूर खुडतात. पण रूपाली परगावी खेळायला बसली की लताबाई मला खाली घेते, काटे चारवर लावते आणि एकच बाजू सुरू करते, लेकीची. मग माझ्यासमोर हातांवर बसते. झेंडी पडली तर पुन्हा चारवर लावते, आणि डाव संपला असा लेकीचा फोन येईपर्यंत उठत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा, किल्ली दोन्ही बाजूंना सारखी द्या, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक मागणं आहे. तुमच्या घरात कोणी पुस्तकापुढे, पटापुढे किंवा नुसतंच भिंतीपुढे विचार करत बसलेलं दिसलं, तर त्याला हटकू नका. आणि त्याला बसता यावं म्हणून त्याच्या वाट्याची कामं कोण उरकतंय, तेही एकदा बघा.

परवा असंच झालं. रूपालीचा डाव गोव्याला होता. माझा काटा सहाला टेकत आला होता, झेंडी वर होती, आणि मोबाइल वाजला. मी लताबाईच्या डाव्या हाताला होतो. तिचा डावा हात पटकन माझ्याकडे आला, अर्ध्या वाटेत थांबला आणि परत मांडीखाली गेला. मग तिनं उजवा हात आडवा आणला, माझं बटण दाबलं, आणि त्याच हातानं फोन उचलला.