आभाराची ओळ

संस्थेत त्यांना सगळे लाटवाले सर म्हणत. उंदराच्या यकृतातल्या पेशींमध्ये दर चाळीस सेकंदांनी कॅल्शियमची एक लाट उठते, हा त्यांचा शोध. त्या एका लाटेवर बसून सर बावीस वर्षं परिषदा हिंडले. पेशी मात्र कुठे गेल्या नाहीत. त्या तळमजल्यावरच्या उबदार कपाटात, चपट्या बाटल्यांमध्ये राहत आणि एक दिवसाआड प्रयोगशाळेतल्या सहायिका ताई त्यांना खाऊ घालत. रविवार असो, घरात कुणी आजारी असो, पेशींची भूक थांबत नाही.

ताईंच्या हातांवर सरांचे सदतीस शोधनिबंध निघाले. प्रत्येक वेळी ताईंचे यजमान चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत.

"अगं, फ्रीजच्या कंपनीचं नाव आहे. तुझं नाही दिसत कुठे."

"असेल पुढच्या वेळी."

निवृत्तीला आता चार महिने उरले होते. एकदा तरी आपलं नाव छापून यावं, एवढीच ताईंची इच्छा होती, आणि पुढची वेळ आता एकच होती.

अडतिसावा निबंध पाठवला तेव्हा नियतकालिकाने कळवलं, पेशी कुणाच्या याची तपासणी करून दाखला जोडा. सर हसले. "बावीस वर्षं संसार केल्यावर बायकोचा जन्मदाखला मागतायत!"

अहवाल आला. पेशी यकृताच्या नव्हत्या, उंदराच्या तर नव्हत्याच. त्या माणसाच्या, कर्करोगाच्या होत्या. तसल्या पेशी त्याच कपाटात खालच्या फळीवर वाढत. कधीतरी एक थेंब वर गेला आणि पाहुण्यांनी घरधन्याला हुसकून घर बळकावलं.

थेंब कुणी नेला, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी कुणी मोठं माणूस आलं की सर पांढरा कोट चढवून स्वतः खाऊ घालायला बसत आणि एकच काचेची नळी वरच्या-खालच्या दोन्ही बाटल्यांत बुडवत. "सर, दर बाटलीला नवी नळी घ्यावी लागते," ताई तेव्हा हळूच म्हणाल्या होत्या. "ताई, पेशींवर मी पुस्तक लिहिलंय," असं उत्तर मिळालं होतं.

तीन दिवस सर खोलीबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते लग्नघरातून आल्यासारखे.

"ताई, निबंध या चुकीवरच लिहायचा! जगभर लोक आपापल्या निबंधांत याचे दाखले देऊन देऊन थकतील!"

लाटेचे दाखले आजवर बहुतेक सरच देत आले होते. उरलेले त्यांचे विद्यार्थी देत, पदवी हाती पडेपर्यंत.

"आणि या वेळी तुमचंही नाव आहे बरं का. शेवटच्या पानावर. घरी नेऊन वाचा, सही करून आणा. ज्याचे आभार मानायचे त्याची संमती लागते."

घरी यजमानांचं बोट पानांवरून सरकत गेलं आणि थबकलं. "सापडलं! अगं, पूर्ण नाव, आडनावासकट!" मग त्यांनी नावापुढची ओळ वाचली: '..., तांत्रिक सहायिका, यांच्या हातून अनवधानाने झालेल्या चुकीमुळे हा शोध शक्य झाला, त्यांचे आभार.' त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती.

"सही करणार आहेस?"

"बघते."

सकाळी ताई सरांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"सर, एक शंका होती. यातला शोध म्हणजे ती चूकच ना?"

"अर्थात!"

"आणि चूक माझी."

"म्हणजे... कागदोपत्री."

"मग निबंधही माझाच झाला. लेखकांत पहिलं नाव माझं घाला. शेवटी मी तुमचे आभार मानते."

सर हसले. ताई हसल्या नाहीत.

"ताई, निबंधाला डोकं लागतं!"

"लागतं ना. पण यात शोधाचं काम चुकीने केलंय, असं तुम्हीच लिहिलंय. पहिलं नाव दिलंत तर आत्ता सही करते. आभाराच्या ओळीवर नाही करणार."

आवाज नेहमीसारखाच होता, पेशी झोपल्या असतील अशा बेताचा. सरांच्या चेहऱ्यावर एकीकडे निष्पापपणा आणि दुसरीकडे पहिलं नाव अशी ओढाताण सुरू झाली. ती फार वेळ चालली नाही. त्यांनी पेन उघडलं, ताईंचं नाव खोडलं आणि घोटीव अक्षरात लिहिलं: 'प्रस्तुत लेखकाने एकच नळी दोन बाटल्यांत वापरल्यामुळे.'

"आता तुमचं नाव कुठेच येणार नाही हं," त्यांनी बजावलं.

ताईंनी खोडलेल्या नावाकडे एकदा पाहिलं. "चालेल, सर."

वर्षभरात त्या निबंधाचा बोलबाला झाला. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी, काय करू नये ते सांगताना, सरांचं नाव सांगतात. एका दुपारी सरांचा ताईंना फोन आला.

"ताई, सहाशे दाखले! अख्ख्या लाटेला मिळाले नव्हते इतके!"

"अभिनंदन, सर," ताई म्हणाल्या, अगदी मनापासून. त्या सहाशे ठिकाणी काय लिहिलंय, हे त्यांनी विचारलं नाही. सरांनीही ते वाचलं नव्हतं.