पाठीमागचा हात

"मूठ कमरेवर नाही, पाठीच्या मधोमध. आणि क्लीटस, तू देवाच्या दारात उभा आहेस, बसची वाट बघत नाहीयेस," असं म्हणून सिस्टर प्रूइटनी हातपंख्याची दांडी माझ्या मनगटावर आपटली. माझी तेव्हा चाळिशी उलटली होती. पण आमच्या चर्चच्या सेवेकऱ्यांच्या त्या प्रमुख, त्यांच्यापुढे सगळेच शाळकरी. चर्चमध्ये आम्ही एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणायचो.

रीतच तशी होती. उजवा हात आल्यागेल्याला जागा दाखवायला, डाव्या हाताची मूठ पाठीमागे, तोंड बंद. काय बोलायचं ते खुणांनी. कुठे जागा रिकामी आहे, कोणाला रडू कोसळलंय, दानाची ताटं कधी फिरवायची, सगळ्याला खूण होती. आठवडाभर लोकांच्या घरी फरशा पुसणारी, काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे भाजून निघणारी आमची काळी माणसं रविवारी पांढरे हातमोजे घालून त्या दारात उभी राहिली की मानकरी दिसायची. ओहायोतलं आमचं ते गाव आता ओसाड पडलंय, पण खळ घातलेल्या कपड्यांचा तो वास मला अजून येतो.

दांडीचा मार कधीच खाल्ला नाही तो एकट्या थेरॉनने. आमच्याच चर्चमधल्या वर्डेलचा मुलगा, बावीस वर्षांचा, चांगला उंचापुरा. बोलणं जवळजवळ नाहीच. बोललाच तर आपण म्हटलेलंच वाक्य आपल्याला परत द्यायचा. शाळेने त्याला उर्मट ठरवून मागच्या बाकावर टाकलं होतं. वर्डेल ज्या गोऱ्या बाईंकडे कामाला होती त्यांचा नातू अगदी असाच. त्याला ऑटिझम आहे म्हणून शिकवायला खास शिक्षिका घरी येत. ते बघून वर्डेल थेरॉनला डॉक्टरकडे घेऊन गेली, तर त्यांनी घरात बाप आहे का एवढंच विचारलं, जणू वळण नाही एवढाच काय तो आजार.

सिस्टर प्रूइटनी मात्र काही विचारलं नाही. हातमोजे दिले आणि शेजारी उभं केलं. महिन्याभरात सगळ्या खुणा त्याला आमच्याहून चांगल्या यायला लागल्या. जिथे कोणीच बोलत नाही तिथे त्याचं न बोलणं कोणाला दिसतच नव्हतं. वर्डेल मागच्या बाकावरून त्याच्याकडे बघत बसायची, प्रवचनाकडे तिचं लक्ष नसायचं.

त्याला ते उभं राहणं इतकं आवडलं की कुठेही थांबायचं झालं की तो तसाच थांबायचा. एका शनिवारी औषधांच्या दुकानाबाहेर आईची वाट बघताना तसाच उभा होता. कोणीतरी पोलिसांना फोन केला, की एक काळा माणूस बराच वेळ उभा आहे, पाठीमागे काहीतरी लपवलंय.

समोरच्या न्हाव्याकडून मी बाहेर पडलो तेव्हा पोलिसाने पिस्तूल रोखलं होतं आणि हात दाखव म्हणून तो ओरडत होता. मोठ्या माणसांनी आवाज चढवला की आणखी ताठ व्हायचं, हे थेरॉनला आम्हीच शिकवलेलं. तो आणखी ताठ झाला. मी दोन्ही हात वर करून रस्ता ओलांडला.

"साहेब, त्याला बोलता येत नाही. मी सांगतो त्याला. फक्त हातांनी सांगतो," मी म्हणालो.

आणि वर धरलेले हात सावकाश छातीशी आणून तळवे उघडे केले. दानाची ताटं घ्या, अशी ती खूण. थेरॉनने लगेच दोन्ही हात पुढे केले. रिकामे.

संध्याकाळी वर्डेल सिस्टर प्रूइटच्या स्वयंपाकघरात आली. बसली नाही.

"ती मूठ सोडवा त्याची, नाहीतर उद्यापासून मी त्याला दारात पाठवणार नाही," ती म्हणाली. "मला तो जिवंत हवाय."

ती मूठ सिस्टर प्रूइटना त्यांच्या आईने शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला लवकर बोलावलं आणि सांगितलं, आजपासून सगळ्यांनी दोन्ही हात पुढे धरायचे. आमच्यातला एक सेवेकरी, ब्रदर एझल, फणकारला. एका पोरासाठी अख्खी रीत मोडायची? पोराला एकट्याला काय ते सांगा ना.

"एकट्याला सांगितलं तर दारात तो एकटाच वेगळा दिसेल," त्या म्हणाल्या. "वेगळं दिसलं की काय होतं, ते काल कळलं नाही का तुला, एझल?"

एझलने हात पुढे घेतले. मला मात्र राग आला, आणि अजून येतो. घाबरावं त्यांनी आणि हात बदलावे आम्ही. थेरॉनचा डावा हात कित्येक रविवार मागे जात राहिला. जायचा, मग सिस्टर प्रूइटच्या हातांकडे बघून तो पुढे आणायचा. कधी कधी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पुढे बाहेरही तो हात पुढे घेऊन उभा राहायला लागला, तेव्हा कुठे वर्डेलला झोप लागायला लागली.

उन्हाळ्यात साऱ्या परगण्यातल्या चर्चच्या सेवेकऱ्यांची स्पर्धा असे, कोणाचं चालणं, उभं राहणं आणि खुणा बिनचूक याची. बक्षिसाची ढाल आमच्याकडे इतकी वर्षं होती की ती ठेवायला भिंतीत कोनाडा केला होता. त्या वर्षी आम्ही दोन्ही हात पुढे धरून आत गेलो. लोकांत कुजबुज झाली, कोणीतरी हसलंही. आम्ही शेवटचे आलो.

बक्षिसं वाटून झाल्यावर परीक्षक सिस्टर प्रूइटजवळ आला. त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस होता तो. खालच्या आवाजात, वाईट वाटून त्याने विचारलं, "सिस्टर, हात कुठे ठेवायचा ते तुम्हीच मला शिकवलंत. आज झालं काय?"

थेरॉन त्यांच्या बाजूलाच उभा होता. सगळं ऐकत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वय झालं रे," त्या म्हणाल्या. "विसरायला होतं आताशा."